या कादंबऱ्यांत आपण कोठे आहोत?

मराठी कादंबरी आता वाचवत नाही, असे म्हणणारा एक तरी गृहस्थ प्रत्येक शाळेत आणि प्रत्येक कचेरीत भेटतोच. त्याचे म्हणणे साधारणपणे असे असते : नव्या कादंबऱ्यांतील माणसे आपल्या ओळखीची नाहीत, त्यांची बोली आपली नाही, त्यांची दुःखे खरी असतील पण ती आपली नव्हेत, तेव्हा दिवसभराचे काम आटोपून घरी आल्यावर हे कशासाठी वाचायचे? प्रस्तुत लेखकानेही काही काळ हेच म्हटलेले आहे, हे आधी कबूल केलेले बरे. गेल्या काही वर्षांत प्रसिद्ध झालेल्या तीन कादंबऱ्या अलीकडे लागोपाठ वाचनात आल्या, आणि हा आक्षेप निदान माझ्यापुरता तरी टिकला नाही.

त्यांतली पहिली देविदास सौदागर यांची ‘उसवण’. २०२४ साली तिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला, तेव्हा हे लेखक तुळजापूरचे असून त्यांनी स्वतः शिलाईकाम केलेले आहे, हे अनेकांना प्रथमच कळले. कादंबरी आकाराने लहान आहे. तयार कपड्यांनी बाजारपेठ भरून गेली आणि शिंप्याच्या दुकानी येणारे गिऱ्हाईक आटले, एवढाच तिचा विषय. पण धंदा बसणे म्हणजे काय, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात एका वाक्यात सांगून होते. शिंप्याच्या घरी ते रोज थोडेथोडे घडत असते. सुई धरलेल्या माणसाने लिहिल्यामुळे ते येथे आपल्याला आतून दिसते.

येथे थोडे विषयांतर होईल. आमच्या लहानपणी शाळा उघडण्याच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, शिंप्याकडे जाणे हा एक विधीच असे. गळ्यात टेप टाकलेले शिंपीदादा माप घेत, वहीत आकडे मांडत आणि कापडाचा एक तुकडा त्या पानाला टाचून ठेवत. कपडे ठरल्या दिवशी कधीच मिळत नसत, हा भाग वेगळा. निघताना आई बजावून सांगे की, आत दुमड जास्त ठेवा, पोर वाढते आहे. पुढच्या वर्षी ती दुमड उसवून चड्डी लांब केली जाई. उसवणे या शब्दाला आमच्या घरात असा एक वाढीचा, काटकसरीचा अर्थ होता. सौदागरांच्या कादंबरीच्या नावातून तो अर्थ निघून गेलेला आहे; उरला आहे तो केवळ धागा सुटत जाण्याचा अर्थ. शीर्षकाकडे पुन्हा पाहताना हे लक्षात आले आणि बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. त्या दुकानात आम्ही जाणे केव्हा बंद केले? तसा निर्णय कोणी घेतला नव्हता. एका दिवाळीला तयार सदरे स्वस्त मिळाले, पुढे तीच सवय झाली. आता तेथे साड्यांना फॉल लावणे आणि विकत आणलेल्या विजारींची लांबी कमी करणे एवढेच काम चालते. तेव्हा या कादंबरीत आपण नाही, ही तक्रार खोटी आहे. आपण आहोत : पुन्हा न फिरकलेले गिऱ्हाईक म्हणून.

कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’लाही (साहित्य अकादमी पुरस्कार, २०२३) हेच लागू पडते. धरणासाठी गाव उठले, माणसे दुसरीकडे वसवली गेली, पण जनावरे मागे राहिली. त्यांतली एक म्हैस परत आणण्यासाठी देवाप्पा पुन्हा त्या मुलखात शिरतो. पण मागे राहिलेले जनावर आता रानाचे झालेले असते. माणूस आणि म्हैस यांच्यामधले हे प्रकरण खोतांनी विलक्षण ताकदीने लिहिले आहे. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला. कोयनेच्या विस्थापितांना त्यानंतरही जमिनीसाठी दशकानुदशके मोर्चे काढावे लागले. ही माहिती आपल्याला वर्तमानपत्रांतून असतेच. जनावराने ओळख विसरणे ही नुकसानभरपाई कोणत्या रकान्यात लिहायची, हे मात्र वर्तमानपत्र सांगू शकत नाही.

या संदर्भात व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आठवणे साहजिक आहे. तेथे माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर जातो आणि वाडी आपल्याला त्याच्या डोळ्यांनी दिसते. म्हणजे वाचक आणि वाडी यांच्यामध्ये आपल्यापैकीच एक, पगारी, शिकलेला माणूस उभा असतो. ‘रिंगाण’मध्ये असा मास्तर नाही. आपले बोट धरून नेणारे कोणी नाही, म्हणून आपल्याला ते जग परके वाटते. कादंबरीचे यात काही उणे नाही. वस्तुतः धरणाचे पाणी आणि वीज ज्यांच्या घरी येते, ते आपणच.

प्रवीण बांदेकर यांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’बद्दल (साहित्य अकादमी पुरस्कार, २०२२) माझे मत इतके निःशंक नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची कळसूत्री बाहुल्यांची परंपरा प्रसिद्ध आहे. कळसूत्री बाहुल्या नाचवणारा कलावंत निवेदक म्हणून योजणे आणि समाजातली सूत्रे कोणाच्या हाती आहेत हे त्याच्या तोंडून विचारणे, ही कल्पना मोठी आहे. परंतु काही ठिकाणी विवेचन बाहुल्यांच्या पुढे धावते. लेखक आपल्याला जे पटवू पाहतो ते आपल्याला आधीच पटलेले असते, आपण मान डोलावतो आणि सुटतो. ‘उसवण’ अशी सुटका देत नाही. तरीही भयाचे वातावरण उभे करण्यात बांदेकरांचा हात धरणारे फारसे कोणी नाही, हेही नमूद केले पाहिजे.

राहिला बोलीचा प्रश्न. ‘रिंगाण’ची पहिली वीस-पंचवीस पाने मलाही जड गेली. पन्हाळ्याकडच्या त्या बोलीतले काही शब्द कोशात पाहिले, ते सापडले नाहीत. शेवटी रात्री जेवणानंतर मोठ्याने वाचू लागलो, तेव्हा वाक्ये आपोआप उलगडू लागली. ती कानासाठी लिहिलेली आहेत. तिसऱ्या दिवसापासून घरातली मंडळीही ऐकायला बसू लागली, आणि म्हशीचे पुढे काय झाले, हे मला सकाळी चहाच्या वेळीच विचारले जाऊ लागले.