अंगणातील युक्का आणि बांधावरील घायपात

चाकूर तालुक्यातील ज्या शेतकरी बंधूंच्या मनात बांधावरील घायपात खणून काढण्याचे आणि घरापुढे शोभेचा युक्का लावण्याचे घाटत असेल, त्यांनी या दोन झाडांचे नाते प्रथम जाणून घ्यावे.

युक्का मूळचा अमेरिकेतील. इंग्रज वनस्पतिवर्णनकार जॉन जेरार्ड यांनी १५९७ साली त्याचे वर्णन केले. परंतु तो कसावाच होय, अशा समजुतीने त्यांनी कसाव्याचेच नाव त्याला दिले. १७५३ साली लिनीअस यांनी तेच नाव कायम ठेवले.

या झाडाचे खरे वैशिष्ट्य अमेरिकेतील मिसुरी राज्याचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी १८७० नंतरच्या दशकात उलगडले. एक लहान पांढरा पतंग युक्क्याचे पराग गोळा करून दुसऱ्या फुलावर स्वतः नेऊन दाबतो व तेथेच अंडी घालतो. त्याच्या अळ्या काही बिया खातात, उरलेल्या झाडाला मिळतात. हा पतंग आपल्याकडे नाही. म्हणून बागेतील युक्का पांढऱ्या घंटांनी बहरतो, पण बहुधा फळत नाही. त्याची लागवड फुटव्यांनी अथवा खोडाच्या तुकड्यांनी करावी.

घायपातही अमेरिकेतूनच आलेला. आजचे वनस्पतिशास्त्र दोघांनाही शतावरीच्या कुलात, एकाच उपकुलात ठेवते. मात्र युक्का पुनःपुन्हा फुलतो. घायपात अनेक वर्षे वाढून एकदाच उंच दांडा काढतो व मरतो. मरण्यापूर्वी तो भोवती फुटवे सोडतो, म्हणून बांध उघडा पडत नाही.

घायपात काटेरी आहे व पसरतो, ही तक्रार खोटी नव्हे. त्यावर उपाय म्हणजे दरवर्षी जास्तीचे फुटवे काढावेत व वाटेकडील पानांची टोके छाटावीत. पानांचा ताजा रस अंगाला खाजतो, हेही ध्यानात ठेवावे. परंतु पाणी न मागता गुरे अडविणारे व बांधाची माती धरून ठेवणारे असे झाड सहज मिळत नाही. पोळ्याच्या कासऱ्यांना व दाव्यांना त्याच्या वाखाने पूर्वी आधार दिला. आज नायलॉनने ती जागा घेतली असली, तरी बांधाची राखण नायलॉन करीत नाही.

युक्का अवश्य लावावा. तथापि त्यासाठी त्याच्या कष्टाळू भावंडाला शेतातून हाकलू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. काढलेले फुटवे फेकून न देता पावसाळ्याच्या आरंभी उघड्या बांधावर लावावेत.