खोट्या रक्ताचा खरा डाग

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी बेल वाजली. दारात भाचा उभा. चपला काढता काढता विचारतो, ‘‘मावशी, घरात बीट आहे का गं?’’

कोशिंबिरीकडे जन्मात कधी ढुंकून न पाहिलेला हा मुलगा बीट मागतोय म्हटल्यावर मी चाटच पडले. उलगडा लगेच झाला. कॉलेजातल्या चौघा दोस्तांनी मिळून सात मिनिटांची फिल्म करायचं ठरवलं होतं. कॅमेरा म्हणजे खिशातला मोबाइल, भांडवल म्हणजे पॉकेटमनी. कथेत एका मुलाला गोळी लागते. म्हणजे रक्त हवं. आणि पांढरा शर्ट होता एकच!

बिटाचा रस शर्टावर पडला आणि गोळी लागलेला नायक रंगपंचमी खेळून आल्यासारखा दिसू लागला. मग स्वारी कॉम्प्युटरकडे वळली. तयार मिळणारी रक्ताची चिळकांडी आणून चित्रावर चिकटवली आणि संध्याकाळी आम्हाला दाखवली. धडाम्! छातीतून रक्त उडालं, मुलगा कोसळला. आम्ही ‘वा, वा’ म्हणणार, तेवढ्यात भाजी निवडत बसलेली माझी आई चष्म्यावरून बघत म्हणाली, ‘‘अरे, एवढी गोळी लागली त्याला, मग शर्ट परीटघडीचा कसा?’’

खरंच की! उडालेलं रक्त हवेतच विरून गेलं होतं. शर्ट कोरा, जमीन कोरी, मित्राचा हातही कोरा. मंडळी, कमी पैशांत सिनेमा करणाऱ्या भल्याभल्यांची जिथे फसगत होते, ती जागा आईने एका वाक्यात दाखवून दिली.

पडद्यावरच्या रक्ताचा इतिहास मोठा गमतीचा आहे. हिचकॉकच्या १९६० सालच्या ‘सायको’मध्ये न्हाणीघरात वाहणारं रक्त म्हणजे चक्क चॉकलेट सिरप होतं. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे रंगाचा प्रश्नच नव्हता. रंग आले आणि पंचाईत झाली. मग डिक स्मिथ या अमेरिकन रंगभूषाकाराने मक्याचा पाक आणि खाण्याचे रंग यांतून जे मिश्रण बसवलं, ते पुढे अनेकांनी गिरवलं. फक्त त्यात फोटो धुण्याच्या कामातलं एक रसायन असे, म्हणून ते तोंडात घ्यायचं नाही, अशी सक्त ताकीद.

आपल्याकडे तर ही विद्या फार जुनी. हळदीत चुना कालवला की लाल रंग येतो, हे कुंकू करणाऱ्या आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. केरळात देवीच्या मंदिरांत ‘गुरुती’ नावाचा विधी असतो. तिथे रक्ताच्या जागी हेच हळद-चुन्याचं लाल पाणी वापरतात.

खिसा रिकामा असला की डोकं जास्त चालतं म्हणतात. सॅम रायमी या पोराने १९७९च्या हिवाळ्यात टेनेसीच्या जंगलातल्या एका पडक्या घरात ‘द इव्हिल डेड’ चित्रित करायला घेतला. पाकाच्या रक्ताच्या अक्षरशः आंघोळी झाल्या. नायक ब्रूस कॅम्पबेलचा रक्ताने माखलेला शर्ट शेकोटीपाशी वाळवला, तर पाक असा कडक झाला की अंगात घालताना शर्टाचा तुकडाच पडला! रॉबर्ट रॉड्रिगेझची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचा ‘एल मारियाची’ १९९२ साली आला. चित्रीकरणाचा खर्च सुमारे ७ हजार डॉलर. त्यातली बरीच रक्कम त्याने औषधाच्या चाचणीसाठी स्वतःचं शरीर देऊन उभी केली होती. कॅमेरा फिरवायला चाकाची खुर्ची, आणि गोळी लागल्याचं दाखवायला निरोधमध्ये भरलेलं खोटं रक्त. त्याखाली नटाला इजा होऊ नये म्हणून वजन उचलणारे पहिलवान बांधतात तसला पट्टा.

पण या हातच्या रक्ताचा एक शाप आहे. एकदा सांडलं की सांडलं. टेक चुकला तर शर्ट बदला, फरशी पुसा, नटाला आंघोळ घाला. दिवस मावळतो आणि दृश्य एकच झालेलं असतं. डेव्हिड फिंचर हा दिग्दर्शक एकेका दृश्याचे ढीगभर टेक घेण्यासाठी प्रसिद्ध. त्याने २००७ सालच्या ‘झोडिअॅक’मध्ये खुनांच्या प्रसंगांत कॉम्प्युटरचं रक्त वापरलं, ते मुख्यतः याच कटकटीतून सुटण्यासाठी. कपडे कोरे राहतात, हवे तेवढे टेक घ्या.

फिंचरच्या हाताशी कसलेले तंत्रज्ञ होते. भाच्याच्या हाताशी एक जुना लॅपटॉप. मग करायचं काय? दोन्हींची सांगड घालायची. नियम साधा आहे. जे क्षणभर दिसतं ते कॉम्प्युटरवर सोपवा, जे मागे उरतं ते हाताने करा. हवेत उडणारी चिळकांडी डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपते, तिथे थोडी लबाडी खपते. पण शर्टावर पसरणारा डाग, बोटांत चिकटणारा ओलावा, जमिनीवरचं थारोळं यांच्याकडे प्रेक्षक टक लावून बघतो. तिथे खरोखरीचं ओलं काहीतरी हवं. शिवाय नटालाही त्याची मदत होते. हाताला चिकट लागलं की चेहरा आपोआप बदलतो.

आम्ही केलेला प्रयोग सांगते. केकचं सामान मिळतं त्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज आणलं. त्यात थोडं पाणी, खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको पावडर. कोकोमुळे रंग जरा मळकट, दाट होतो आणि सरबताची झाक जाते. ताजं रक्त लालभडक असतं आणि वाळलं की तपकिरी पडतं. म्हणून तासाभरानंतरच्या दृश्यासाठी कोको वाढवायचा. मिश्रण आधी चिंधीवर लावून बघा, डोळ्यांपासून लांब ठेवा, आणि काम झाल्याबरोबर फरशी पुसा. नाहीतर मुंग्यांची वरात ठरलेली!

या मिश्रणात भिजवलेला स्पंजचा तुकडा नटाच्या मुठीत लपवला. आधी कोऱ्या शर्टावर हवी तेवढी तालीम केली, स्पंज फक्त शेवटच्या टेकला. गोळीचा आवाज होईल तिथे त्याने हात छातीवर दाबायचा. बोटांमधून रक्त झिरपतं, शर्ट भिजतो. मोबाइल स्टँडवर घट्ट बसवलेला, म्हणजे नंतर चित्रावर चित्र बसवणं सोपं.

मग दुसरा भाग. काळ्या कापडासमोर, सुई काढलेल्या सिरिंजमधून तेच मिश्रण उडवलं आणि त्याचं वेगळं चित्रण केलं. उजेड त्याच बाजूने, कोन तोच. तयार चिळकांडीपेक्षा ही घरची चिळकांडी बरी, कारण तिचा आणि शर्टावरच्या डागाचा रंग एकच असतो. चित्रं जोडायला फुकट मिळणारी चांगली सॉफ्टवेअर आहेत. ‘ब्लेंडर’ फुकट आहे, ‘दाविंची रिझॉल्व्ह’चीही एक आवृत्ती फुकट मिळते. हात छातीवर जातो नेमक्या त्या क्षणी चिळकांडी बसवली. झालं असं की, चिळकांडीच्या गडबडीत मुठीतला स्पंज कुणाला दिसला नाही, आणि स्पंजाच्या डागामुळे चिळकांडी खरी वाटली. दोघांनी एकमेकांची लाज राखली!

कॉम्प्युटरचं काम नेहमी भर घालण्याचंच असतं असंही नाही. ‘चिल्ड्रन ऑफ मेन’ या २००६ सालच्या चित्रपटात एका लांबलचक दृश्यात खोट्या रक्ताचे थेंब चुकून कॅमेऱ्याच्या काचेवर उडाले. दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोनने ते दृश्य तसंच ठेवलं आणि पुढे थेंब कॉम्प्युटरवर पुसून टाकले. चूक हाताची, निस्तरणं कॉम्प्युटरचं.

आता मुद्दा जरा गंभीर. बंदूक. भाच्याच्या मित्राच्या काकांकडे परवान्याची बंदूक आहे, ‘रिकामीच ठेवू की’, असा एक प्रस्ताव आला होता. मी तो तिथल्या तिथे हाणून पाडला. १९९३ साली ‘द क्रो’च्या सेटवर ब्रँडन ली हा अवघ्या २८ वर्षांचा नट गेला. बंदुकीच्या नळीत आधीच्या काडतुसाचं टोक अडकून राहिलं होतं, ते आवाजी काडतुसाच्या धक्क्याने सुटलं. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘रस्ट’च्या सेटवर कॅमेरा सांभाळणारी हलिना हचिन्स हिचा जीव गेला. तिथे बंदुकीत खरीच गोळी निघाली. दोन्हीकडे माणसं व्यावसायिक होती. मग चार कॉलेजकुमारांनी तो जुगार का खेळावा? नळीच्या तोंडची ठिणगी आणि धूर कॉम्प्युटरवर बेमालूम होतो. बंदूक लाकडाची करा, रंग द्या, आणि बाहेर चित्रीकरण असेल तर सोसायटीला आणि पोलीस ठाण्याला आधी कळवा. खेळण्यातली बंदूकही लांबून खरीच दिसते. कॉम्प्युटरने गरीब सिनेमावाल्यांवर केलेला सगळ्यात मोठा उपकार कुठला, तर माझ्या मते हाच. पैसे वाचतात हे खरं, पण पोरं संध्याकाळी धडधाकट घरी येतात.

तर फिल्म पुरी झाली. एकुलत्या एका शर्टाचा बळी गेला. खाण्याचा रंग काही केल्या निघाला नाही, आता त्याचं फडकं झालंय. सगळ्यांना पुन्हा बोलावलं, दिवे मालवले. गोळी सुटली, रक्त उडालं, बोटांमधून झिरपलं, शर्ट भिजत गेला. खोलीत कुणी हललं नाही. भाचा पडद्याकडे बघतच नव्हता, तो आजीकडे बघत होता. या वेळी ती काय खोट काढते?

दिवे लागले. आई शर्टाबद्दल काही बोलली नाही. रक्ताबद्दलही नाही. जरा वेळाने चष्मा पुसत तिने एवढंच विचारलं, ‘‘त्याच्या आईला कुणी कळवलं का रे?’’

भाचा गप्प. मग हळूच वही उघडून काहीतरी लिहू लागला. फिल्म आता आठ मिनिटांची होणार म्हणे.