गाडीचा आवाज बसला तर?

मुलांनो, सर्दी झाली, घसा दुखायला लागला की आपला आवाज बसतो. घरातले लगेच विचारतात, "काय रे, काय झालं?" गाडीचाही आवाज असाच बसतो, बरं का! बटण दाबा, पुन्हा दाबा, हॉर्न आपला गप्प. मग गाडीला काय झालं ते कसं ओळखायचं?

तुम्ही म्हणाल, हॉर्न नसला तर काय बिघडलं? उलट शांतता! पण नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाणारा घाट आठवा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी आणि वळणापलीकडचं काहीच दिसत नाही. चैत्रात खानदेशातून कितीतरी माणसं पायी गडावर येतात. वळणाआडून गाडी येतेय हे त्यांना हॉर्नमुळेच कळतं. म्हणून गाडीला चालू हॉर्न असलाच पाहिजे, असा कायद्याचा नियम आहे.

हॉर्न बंद पडला की काही जण विचार न करता सांगतात, "नवीन बसवून टाका." नवा हॉर्न बसवतात, तरी आवाज नाही! आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. दोष असतो काही रुपयांच्या फ्यूजमध्ये आणि खर्च होतो हॉर्नवर. चांगला मेकॅनिक तसं करत नाही. तो विजेच्या वाटेने चालत जातो आणि एका वेळी एकच प्रश्न विचारतो.

ही वाट आधी समजून घेऊ. बॅटरीतून निघालेली वीज फ्यूजमधून जाते, मग रिलेमधून, मग हॉर्नमध्ये, आणि गाडीच्या लोखंडी अंगातून परत बॅटरीकडे येते. रिले म्हणजे बटणाचा मदतनीस. हॉर्नला लागणारी जास्त वीज नाजूक बटणातून न्यायला नको, म्हणून बटण फक्त रिलेला इशारा करतं आणि रिले हॉर्नकडे वीज सोडतो. ही वाट कुठेही तुटली की हॉर्न मुका!

आता मेकॅनिकचे प्रश्न ऐका.

पहिला प्रश्न: गाडीचे दिवे नीट लागतात का? ते मंद असतील तर बॅटरीच थकलेली असेल. मग हॉर्नला दोष कशाला?

दुसरा प्रश्न: फ्यूज जळलाय का? फ्यूजमध्ये एक बारीक पट्टी असते. वीज जास्त झाली की ती वितळते आणि बाकीची वायरिंग वाचते. तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज बसवायचा. तोही लगेच जळला, तर कुठेतरी तार सोलून पत्र्याला टेकली आहे असं समजायचं. अशा वेळी मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद घालणं म्हणजे आगीला आमंत्रण.

तिसरा प्रश्न: बटण दाबल्यावर 'टक्' असा बारीक आवाज येतो का? येत असेल तर बटणाचा इशारा रिलेपर्यंत पोहोचतोय. नसेल तर बटण, त्याची तार किंवा रिले तपासायचा. पण स्टीअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर ते घरी कुणीही उघडायचं नाही. एअरबॅग अचानक फुटली तर इजा होते. ते काम जाणकाराचंच.

चौथा प्रश्न: हॉर्नपर्यंत वीज येते का? एक जण बटण दाबतो, दुसरा हॉर्नच्या तारेला छोटा दिवा लावून बघतो. हॉर्न असतो गाडीच्या तोंडाशी, जाळीमागे. पावसाळ्यात सगळा चिखल, सगळं पाणी त्याच्यावर! त्यामुळे तारांची टोकं गंजतात, नटबोल्ट गंजतात आणि विजेची परतीची वाट बंद होते. कधीकधी गंज फक्त घासून काढला तरी हॉर्न बोलू लागतो.

पण हॉर्न बोलतो तरी कसा? 1820 साली डेन्मार्कच्या ओरस्टेड या शास्त्रज्ञाने पाहिलं, की तारेतून वीज गेली की जवळच्या होकायंत्राची सुई हलते. म्हणजे विजेतून चुंबकत्व! हॉर्नमध्ये तारेची गुंडाळी असते. वीज आली की ती चुंबक बनते आणि पत्र्याचा पातळ पडदा ओढून घेते. पडदा ओढला गेला की आतले पॉइंट सुटतात आणि वीज तुटते. चुंबक गेला, पडदा मागे आला, पॉइंट पुन्हा चिकटले! असं एका सेकंदात साधारण 300 ते 500 वेळा होतं. तोच आपला 'पॉं'. शाळेतली विजेची घंटाही याच युक्तीवर वाजते.

तुम्हीही करून बघा. लोखंडी खिळ्यावर लाखेचा लेप असलेली तांब्याची तार 50 वेळा गुंडाळा. तारेची दोन्ही टोकं घासून टॉर्चच्या सेलला लावा. टाचण्या चिकटतील. टोक काढलं की बहुतेक टाचण्या खाली पडतील! तार तापते, म्हणून चार-पाच सेकंदच लावा. आणि घरातल्या प्लगजवळ हा प्रयोग अजिबात करायचा नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. दुरुस्त झालेला हॉर्न गरजेपुरताच वाजवायला सांगा. शाळा आणि दवाखान्यांच्या भोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं. ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला 2015 साली महाराष्ट्रात मनाई झाली, ती कर्कश आवाजाच्या त्रासामुळेच. घाटातल्या वळणावर हॉर्न म्हणजे सावधगिरी, दवाखान्यासमोर तोच हॉर्न म्हणजे उपद्रव.

आता डोक्याला खुराक: फ्यूज चांगला आहे, 'टक्' ऐकू येतंय, हॉर्नच्या तारेवर दिवाही लागतो, तरी हॉर्न गप्प. दोष कुठे असेल? उत्तरं दोन आहेत. विजेच्या वाटेने चालत जा, सापडतील!