साध्या पेट्रोलचा काय गुन्हा?

कोल्हापुरात दुचाकीशिवाय कष्टकऱ्याचे पान हलत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगार असो, बांधकामावर जाणारा गवंडी असो, की पदवी घेऊन घरोघरी पार्सल पोचवणारा पोरगा असो, सगळ्यांची रोजीरोटी दोन चाकांवर आहे. गावोगाव बैठकांना जाणारा आपला कार्यकर्ताही स्वतःच्या खिशातलेच पेट्रोल जाळतो. म्हणून पेट्रोलचा प्रश्न आम्ही क्षुल्लक मानत नाही.

मध्यंतरी शहरातल्या एका पंपावर आम्ही गाडी उभी केली. पोराने विचारले, "प्रीमियम टाकू का?" आम्ही म्हटले, "साधं टाक." तो म्हणाला, "साधं संपलंय." आम्ही गाडी ढकलत पुढच्या पंपावर निघालो. आमच्या मागे एक गवंडी उभा होता, हाताला सिमेंट तसेच होते. त्याने निमूटपणे दोनशेचे प्रीमियम घेतले आणि आम्हालाच समजावले, "असू दे की, इंजिनला चांगलं असतंय!" त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही, तोही पोटासाठीच उभा. पण "इंजिनला चांगलं असतंय" हे त्या गवंड्याला सांगितले कोणी? आणि ते खरे आहे काय?

आधी ऑक्टेन म्हणजे काय ते पाहू. इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबले जाते आणि मग ठिणगी पडते. दाब फार वाढला तर मिश्रण ठिणगीची वाट न पाहता आपोआप पेट घेते आणि इंजिन ठोकू लागते. हे ठोकणे रोखण्याची पेट्रोलची क्षमता म्हणजे ऑक्टेन. ती ताकद नव्हे आणि शुद्धताही नव्हे. ज्या इंजिनात दाब जास्त, म्हणजे महागड्या स्पोर्ट्स बाईक किंवा काही टर्बो मोटारी, त्यांना जास्त ऑक्टेन लागते. शंभर-सव्वाशे सीसीच्या रोजच्या गाडीचे इंजिन साध्या पेट्रोलसाठीच बनवलेले असते. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत कंपनीने तसे छापलेले असते. जे इंजिन ठोकतच नाही, त्याला ठोकणे थांबवणारे औषध कशाला?

आता हे "साधे" किती साधे आहे तेही पाहा. पूर्वी आपल्याकडचे साधे पेट्रोल ८८ ऑक्टेनचे होते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आले, त्यात ऑक्टेन ९१ होते आणि गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आले. पुढे २० टक्के इथेनॉल मिसळल्याने साध्या पेट्रोलचे ऑक्टेन ९५ झाले, असे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले. मग ९५ ऑक्टेनच्या नावावर जादा पैसे घेणाऱ्यांना आमचा सरळ सवाल आहे. सरकार म्हणते ते खरे असेल, तर तुम्ही जास्तीचे काय विकता?

कंपन्या म्हणतील, आम्ही इंजिन साफ ठेवणारी रसायने घालतो. हे अगदीच खोटे नाही. अशा रसायनांमुळे इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवर काजळी कमी साचते. पण त्याचा फायदा खिशाला परवडतो का, हे जाहिरातीवरून नव्हे, हिशेबावरून ठरवावे लागते.

तो हिशेब आम्ही मांडतो. समजा साधे पेट्रोल १०५ रुपये आणि प्रीमियम ११२ रुपये लिटर आहे. एक कामगार रोज जाऊन-येऊन ५० किलोमीटर गाडी चालवतो, महिन्याला २६ दिवस. गाडी लिटरला ५० किलोमीटरचे ॲव्हरेज देते. महिन्याला २६ लिटर पेट्रोल लागले. लिटरमागे सात रुपये जादा म्हणजे महिन्याला १८२ आणि वर्षाला २,१८४ रुपये. हे पैसे नुसते वसूल व्हायचे तरी त्याच गाडीने ५० ऐवजी ५३ किलोमीटरच्या वर ॲव्हरेज दिले पाहिजे. आपल्या गाडीने असे दिले का, हे प्रत्येकाने स्वतःच्या वहीत लिहून तपासावे. दुसऱ्या बाजूला दीडशे सीसीपर्यंतच्या नेहमीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा २०२२ मध्ये ठरलेल्या दराने वर्षाला ७१४ रुपये, अधिक कर. प्रीमियमवर उडवलेल्या पैशात तो विमा, वेळेवर ऑईल बदल, एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग सगळे बसते. गाडी खरोखर सुधारते ती यांनी आणि टायरमधल्या योग्य हवेने.

ही फसगत फक्त आपल्याच लोकांची होते असेही नाही. अमेरिकेतील 'ट्रिपल ए' या वाहनधारकांच्या मोठ्या संघटनेने २०१६ मध्ये तपासणी करून सांगितले, की साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांत प्रीमियम भरून तिथले लोक वर्षाला २.१ अब्ज डॉलर वाया घालवतात. ताकद, ॲव्हरेज, धूर, कशातच ठळक फायदा त्यांना आढळला नव्हता.

आणखी एक समजूत सध्या पसरली आहे. साध्यात इथेनॉल असते, म्हणून ॲव्हरेज पडते, म्हणून प्रीमियम घ्या! इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरलेली आहे. पण ९५ ऑक्टेनच्या प्रीमियममध्येही इथेनॉल असते. २०२५ मध्ये इथेनॉल नसलेले म्हणून ज्याचे नाव घेतले जात होते, ते १०० ऑक्टेनचे पेट्रोल लिटरला १६० रुपयांच्या घरात होते. ते आपल्यासाठी नाहीच. इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय द्या, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्यामुळे सात रुपये जादा देऊन इथेनॉल चुकवता येईल, या भ्रमात राहू नये.

मग माणूस जादा पैसे देतो तरी का? आमच्या मते खरे कारण भीती आहे. साध्यात भेसळ असेल, ही ती भीती. आणि ती हवेतून आलेली नाही. भेसळ करणारे पंप बंद करणारे इंडियन ऑईलचे तरुण अधिकारी मंजुनाथ यांचा २००५ मध्ये उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरीत खून झाला. आपल्या महाराष्ट्रात मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलमाफियांनी भरदिवसा जिवंत जाळले. या दोघांनी जीव दिला तो श्रीमंतांच्या प्रीमियमसाठी नव्हे. सामान्य माणसाच्या टाकीत पडणारे साधे इंधन शुद्ध असावे, यासाठी ते मेले. शुद्ध माल आणि पुरते माप हा प्रत्येक ग्राहकाचा हक्क आहे. तो हक्क सात रुपयांना विकत घ्यायची पाळी का यावी?

सरकारी तिजोरीलाही यात वाटा मिळतो, हे विसरू नका. मे २०२२ मधल्या कपातीनंतर केंद्राचा अबकारी कर साध्यावर लिटरला १९ रुपये ९० पैसे, तर ब्रँडेडवर २१ रुपये १० पैसे होता. राज्याचा व्हॅट टक्केवारीत, म्हणजे माल महाग तर करही जास्त. भीतीपोटी भरलेल्या पैशावरही कर!

आपल्या लोकांनी यापुढे एवढे करावे. पंपावर फिल्टर पेपर मागावा. त्यावर पेट्रोलचा थेंब टाका, उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळीचा संशय धरा. मापाबद्दल शंका आली तर वैधमापन खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप मागा. त्यात २५ मिलीपेक्षा जास्त तूट चालत नाही. "साधं संपलंय" हे रोजचेच उत्तर झाले, तर तक्रारवही मागून लिहून द्या. गाडीच्या पुस्तिकेत जास्त ऑक्टेन लिहिले असेल तर जरूर प्रीमियम भरा. तसे लिहिले नसेल, तर साधे मागताना लाजू नका.

एकाच पंपावर शेजारी शेजारी दोन नळ उभे करायचे, एकाला उच्च म्हणायचे, दुसऱ्याकडे संशयाने पाहायला शिकवायचे. ही युक्ती आपल्या समाजाला नवी नाही. उच्च म्हणवणाऱ्याला आपण नेहमी एकच विचारत आलो, कशावरून? पेट्रोल पंपावरही तेच विचारू या.