काठी चांगली; पण ती तुमची नाही

दिवाळी जवळ आली की या सदराच्या टपालाला भरती येते. कोणाला शिवणयंत्र घ्यायचे असते, कोणाला मुलासाठी बॅट, कोणाला सुनेसाठी मिक्सर. यंदा ठाण्याच्या एका वाचकाचे पत्र आले आहे, त्यातला प्रश्न मात्र या सदराला नवा. ते लिहितात, ‘वडील निवृत्तीनंतर गोल्फ खेळू लागले आहेत. पाडव्याला त्यांना आयर्न्सचा संच द्यावा असे मनात आहे. सर्वांत उत्तम संच कोणता?’

गोल्फ हा बड्यांचा खेळ, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून पान उलटणार असाल तर वाचकहो, क्षणभर थांबा. अगदी ह्याच प्रश्नाचे चुकीचे उत्तर आमच्या घरात दोन वर्षांपूर्वी दिले गेले. ते देणाऱ्यांत मीही होतो.

आमच्या वहिनी गेल्या तेव्हा दादा चौसष्ट वर्षांचे होते. पुढचे सहा-सात महिने त्यांनी घराचा उंबरठा जवळजवळ ओलांडला नाही. एका जुन्या सहकाऱ्याने एके सकाळी त्यांना बळेच खारघरच्या डोंगरापायथ्याशी गोल्फच्या मैदानावर नेले. बादलीभर चेंडू आणि भाड्याचा एक ठेचाळलेला क्लब एवढ्या भांडवलावर दादांनी सुरुवात केली. शंभरांत पाच चेंडू हवेत गेले. पण त्या पाचांची हकिगत त्यांनी रात्रीच्या जेवणात आम्हांला पंचवीस वेळा ऐकवली. दादा पुन्हा बोलू लागले होते.

पुतण्याला आनंद झाला. त्याने दुकानात जाऊन ‘उत्तमातले उत्तम’ मागितले. दुकानदाराने आरशासारखे लखलखणारे, पात्याने सुरीइतके पातळ असे आयर्न्स दाखवले. ‘जगज्जेते हेच वापरतात,’ तो म्हणाला. मी बरोबर होतो. मीही मान डोलावली. अर्ध्या लाखाहून अधिक रक्कम मोजून संच घरी आला. दादांचे डोळे भरून आले.

आणि पौषापर्यंत दादांचे मैदानावर जाणे थांबले. विचारले तर म्हणत, ‘ऊन फार लागते.’ पौषात ऊन लागते!

आता हे असे का झाले ते समजायला थोडे शास्त्र पाहिले पाहिजे. गोल्फपटूला नियमाने पिशवीत जास्तीत जास्त चौदा क्लब ठेवता येतात. लांब टोल्यासाठी वुड, हिरवळीवर चेंडू घरंगळवण्यासाठी पटर, आणि मधल्या बहुतेक सगळ्या कामाला आयर्न, म्हणजे लोखंडी पात्याचे क्लब. आकडा लहान तितकी दांडी लांब आणि पाते उभे. चेंडू खालून, दूर जातो. आकडा मोठा तितकी दांडी आखूड आणि पाते कललेले. चेंडू उंच जाऊन जवळ पडतो. ह्या कलण्याला लॉफ्ट म्हणतात, आणि तो अंशांत मोजतात.

पूर्वी ही पाती मऊ पोलादाची घडीव असत. पाठ सपाट, सारे वजन मधोमध. त्यांना ब्लेड म्हणतात. चेंडू बरोबर मध्यावर बसला तर लोण्यात सुरी गेल्यासारखे वाटते. अर्धा इंच बाजूला बसला की पाते हातात वळते, चेंडू भलतीकडे जातो आणि झिणझिण्या कोपरापर्यंत पोहोचतात.

ही अडचण एका अभियंत्याने ओळखली. कार्स्टन सोल्हाईम हे त्याचे नाव. जन्म १९११ सालचा, नॉर्वेचा. वाढला आणि नोकरी केली अमेरिकेत. गोल्फ तो चाळिशी उलटल्यावर शिकला, म्हणजे नवशिक्याचे हाल त्याला ऐकून नव्हे, भोगून ठाऊक होते. १९५९ साली त्याने घरच्या गॅरेजमध्ये एक पटर बनवला. चेंडूला लागताच त्यातून ‘पिंग’ असा आवाज येई, म्हणून त्याच्या मालाचे नाव पिंग पडले. वजन मध्यावरून काढून कडांकडे नेण्याचा आपला विचार त्याने पुढे १९६० च्या दशकात आयर्न्सनाही लावला. पात्याची पाठ पोखरायची आणि निघालेले वजन टाचेकडे व टोकाकडे वाटायचे. ह्याला कॅव्हिटी बॅक म्हणतात.

ह्यातले मर्म आपल्या डोंबाऱ्याला शतकानुशतके ठाऊक आहे. दोरीवर चालणारी त्याची पोर हातात आडवा लांब बांबू धरते. वजन दोन्ही टोकांना दूर गेले की वळवू म्हटले तरी बांबू चटकन वळत नाही, आणि पोर सावरते. पोखरलेले पातेही तसेच सावरते. चेंडू थोडा बाजूला बसला तरी फारसे वळत नाही. चूक अजिबात नाहीशी होत नाही, पण अर्धी माफ होते.

असली वेडीवाकडी पाठ ऐरणीवर घडवणे अवघड, म्हणून ही पाती पुष्कळदा ओतीव असतात. मेणाचा नमुना करून त्याभोवती साचा घालायचा, मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. आपल्या देवघरातल्या पंचधातूच्या मूर्ती ज्या रीतीने होतात तीच ही रीत. आता घडीव कॅव्हिटीही मिळतात, तेव्हा घडीव म्हणजे भारी आणि ओतीव म्हणजे हलके असे मुळीच समजू नये.

दादांची गोष्ट अर्धी राहिली. माघ महिन्यात मीच त्यांना मैदानावर ओढून नेले. तिथे एक पन्नाशीचा कॅडी नवशिक्यांना शिकवतो. त्याने दादांचे दहा चेंडू पाहिले. मग पात्यावर खडू घासला आणि म्हणाला, ‘अजून दहा मारा, साहेब.’ दर फटक्याला खडूत एक डाग उमटला. डाग टाचेपासून टोकापर्यंत सर्वत्र विखुरले होते.

‘साहेब, रागावू नका,’ तो म्हणाला. ‘काठी चांगली आहे. एकदम भारी आहे. पण ती तुमची नाही.’

दादा काही बोलले नाहीत. हळूच सदऱ्याची बाही वर केली. कोपराला पट्टी बांधलेली होती. ती त्यांनी दोन महिने आम्हां सर्वांपासून लपवली होती.

तो कॅडी चेंबूरचा. तिथे १९२७ पासून बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, आणि जवळच्या वस्तीतली कॅडीची पोरे गल्लीबोळांत आपले स्वतःचे गोल्फ खेळतात. क्लब म्हणजे बांधकामाची वाकवलेली सळई, मुठीला रबरी नळी, चेंडू प्लॅस्टिकचा. ‘आम्ही सळई दुसऱ्याची घेत नव्हतो, साहेब,’ तो सांगत होता. ‘ज्याचा हात जसा, तशी तो वाकवणार. उंच पोराची लांब, माझी आखूड.’ हजारो रुपये मोजून आम्ही जे विसरलो ते त्या पोरांना फुकट कळले होते.

तेव्हा पत्रलेखकांना माझे उत्तर असे. सर्वांत उत्तम संच असा नसतोच. खेळणाऱ्याची पायरी आधी पाहावी.

नवशिके आणि वयस्कर खेळाडू: रुंद तळाचे, खोल पोखरलेले, मोठे पाते घ्यावे. रुंद तळ जमिनीत रुतत नाही आणि चेंडू सहज वर उचलतो. तीन आणि चार नंबर घेऊच नयेत. त्यांच्या जागी हायब्रिड म्हणून वुड आणि आयर्न यांच्या मधला क्लब मिळतो, तो घ्यावा. पहिल्या वर्षी पुरा संचही नको. पाच, सात, नऊ, पिचिंग वेज, सँड वेज, एक वुड आणि पटर एवढे सात पुष्कळ झाले. दांडी ग्रॅफाइटची असावी. पोलादी दांडी साधारण शंभर ते एकशेतीस ग्रॅम भरते, ग्रॅफाइटची त्याहून पुष्कळ हलकी. शिवाय धक्का कमी पोहोचतो. हळू फिरणाऱ्या हाताला लवचीक दांडी, जोरकस हाताला ताठ.

मधल्या पायरीचे खेळाडू: ज्यांचे हँडिकॅप, म्हणजे अपेक्षित फटक्यांपेक्षा साधारण जास्त लागणारे फटके, दहा ते वीसच्या घरात आहे, त्यांनी थोडे लहान, कमी पोखरलेले पाते पाहावे. इथे खडूची परीक्षा कामाची. दहांतले सात-आठ डाग रुपयाएवढ्या वर्तुळात पडू लागले तर पुढची पायरी चढावी. नाहीतर आहे तिथेच सुखाने राहावे.

निष्णात: चेंडू हवा तसा डावी-उजवीकडे वळवणे ज्यांना साधते त्यांनाच ब्लेडचा खरा उपयोग. त्यांच्यातलेही कितीतरी व्यावसायिक लांबच्या फटक्यांना कॅव्हिटी आणि जवळच्यांना ब्लेड असा मिश्र संच ठेवतात. जगज्जेते जे निःसंकोच करतात ते करायला आपल्याला मात्र कमीपणा वाटतो.

मुले: मोठ्यांचे क्लब कापून मुलांना देऊ नयेत. कापलेली दांडी अधिकच ताठ होते आणि पाते मोठ्या माणसाचेच राहते. उंचीप्रमाणे मिळणारे मुलांचे संच घ्यावेत. वापरलेले मिळाले तर अधिक बरे, कारण दोन वर्षांत ते लहान होतात.

आता खरेदीच्या दोन सूचना. पहिली, तळावरच्या आकड्याला भुलू नये. पूर्वी सात नंबरचा लॉफ्ट चौतीस-पस्तीस अंश असे. आज नवशिक्यांच्या पुष्कळ संचांत तो तीस किंवा त्याहून कमी असतो. चेंडू दूर गेला म्हणून आपण हुरळतो. वास्तविक जुना सहा किंवा पाच नंबरच नवी पाटी लावून आलेला असतो. म्हणून अंश विचारावेत. अशा संचात पिचिंग वेज चव्वेचाळीस अंशांचा आणि सँड वेज छप्पन्नचा असेल, तर मध्ये खिंड पडते. तिथे पन्नासच्या आसपासचा आणखी एक वेज लागतो.

दुसरी सूचना, माप घ्यावे. ताठ उभे राहून मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजतात, त्यावरून दांडीची लांबी ठरते. तळाला चिकटपट्टी लावून फळीवरून चेंडू मारावा. पट्टीवरचा ओरखडा टाचेकडे उमटला तर पाते फार उभे बसते आहे, आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे जाणार. टोकाकडे उमटला तर उलट. हा कोन कारागीर वाकवून देतो, घडीव पात्यात अधिक सहज. शिंपी मापाशिवाय सदरा शिवत नाही. मग ही घाई का?

आणि बळाचेच कौतुक वाटत असेल तर अदिती अशोक आठवावी. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सर्वांत जवळ टोला पडणाऱ्यांपैकी ती एक होती. पण आपल्या हाताचे बळ नेमके ओळखून खेळली आणि चौथी आली. पदक एका फटक्याने हुकले.

आमच्या दादांनी पुढे वापरलेला एक कॅव्हिटीचा अर्धा संच घेतला, ग्रॅफाइटच्या दांड्यांचा. कोपर चैत्रापर्यंत बरे झाले. पुतण्याला हे सांगायचे कोणी, हा पेच होता. शेवटी दादांनीच त्याला जवळ बसवले. ‘अरे, तू दिलेले मला जड झाले म्हणून मी थांबलो नाही,’ ते म्हणाले. ‘तुला सांगणे जड झाले.’ पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘बाबा, मी घ्यायच्या आधी तुम्हांला विचारायला हवे होते.’

तेव्हा ठाण्याच्या पत्रलेखकांनी पाडव्याला पुडके बांधून आणू नये. सकाळी फराळ झाल्यावर वडिलांना म्हणावे, ‘बाबा, चला, आपण बघून येऊ.’ खडूचा तुकडा खिशात असू द्यावा. पैशांचे काय ते नंतर पाहता येईल. अर्धा दिवस बरोबर घालवलात, त्यातच अर्धी भेट पोहोचली.