आकडा उतरला, अर्थ मागे राहिला

१/ जुने दप्तर संगणकावर चढले की इतिहास सुरक्षित झाला, अशी समजूत इतिहासप्रेमी तरुणांत रूढ होत आहे. आकडा तो आकडाच. तो एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेणे ही निव्वळ हमाली, असे त्यामागचे गृहीतक. हे गृहीतक चुकीचे आहे. त्याचे उत्तर इंदापूर-बारामतीच्या इतिहासात आधीच लिहिलेले आहे.

२/ १८३० च्या सुमारास रॉबर्ट कीथ प्रिंगल याची जमीन आकारणी इंदापुरात लागू झाली. निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा, हे तिचे सूत्र. कागदावरचा हिशेब काटेकोर, पण मोजणी सदोष आणि उत्पन्नाचे अंदाज अवास्तव. सारा थकला, सूट द्यावी लागली, रयतेने जमिनी सोडल्या. आकडे नेमके दिसत होते, खरे नव्हते.

३/ १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी त्याच इंदापुरात नव्याने काम केले आणि सारा तीस वर्षांसाठी स्थिर केला. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात जमिनीच्या प्रतवारीचे नियम लेखी झाले: उत्तम जमीन सोळा आणे, हलकी उतरत दोन आण्यांपर्यंत. ‘साडेचार आणे’ हा शेरा मग परजिल्ह्यातील कारकुनालाही उलगडू लागला. आकड्यासोबत त्याची किल्लीही प्रवास करू लागली.

४/ किल्ली एकाच पक्षाच्या हाती राहिली की काय होते, ते १२ मे १८७५ रोजी सुप्यात दिसले. आज बारामती तालुक्यात असलेल्या या गावी रयतेने सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या हिसकावून जाळल्या. व्याज कसे चढले आणि फेड कुठे जमा झाली, हे निरक्षर ऋणकोला त्या कागदांतून वाचता येत नव्हते. आकडा वाचण्याची रीत ज्याच्या हाती, सत्ता त्याची.

५/ आता संगणकाकडे वळू. यंत्राच्या पोटात केवळ शून्य आणि एक असतात. त्यांचा अर्थ कोणत्या क्रमाने लावायचा, हे त्या बिटांत कुठेही लिहिलेले नसते. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी, वीस नंतर; लिहिताना मात्र दोन आधी. ‘एकशे पंचवीस’मध्ये तर शंभर आधी, मग पाच, मग वीस. यंत्रांचेही तसेच. काही संगणक संख्येचा मोठा बाइट आधी ठेवतात, काही लहान. पीडीपी-११ वर ३२ बिटांची संख्या तर ‘एकशे पंचवीस’च्याच चालीने, सरमिसळ क्रमाने ठेवली जाई.

६/ परिणाम पाहा. दोन बाइटांत ‘१’ साठवला आणि ते बाइट उलट क्रमाने वाचले, तर उत्तर येते २५६. एक गुंठा जमीन क्षणात ६ एकर १६ गुंठे होते.

७/ याहून घातक चूक अपूर्णांकांची. आयबीएमच्या १९६४ च्या सिस्टीम/३६० मालिकेत घातांकाचा पाया १६ होता. १९८५ च्या आयईईई ७५४ प्रमाणकात तो २ आहे. पहिल्या पद्धतीने साठवलेला ‘१’ दुसऱ्या पद्धतीने वाचला, तर तो ‘९’ दिसतो. यंत्र थांबत नाही, तक्रार करत नाही. ऱ्हस्व-दीर्घाची चूक डोळ्यांना खुपते. एकाचे नऊ झालेले कोणाला खुपणार?

८/ रूपांतरात किंमत मोजावी लागते, हे १ एप्रिल १९५७ रोजी साऱ्या देशाने अनुभवले. अधिकृत कोष्टकात एका आण्याचे ६ नवे पैसे, चार आण्यांचे मात्र २५. चार वेळा सहा म्हणजे चोवीस. उरलेला पैसा कोणाचा? गंमत अशी की रुपयाचा सोळावा भाग, म्हणजे आणा, द्विमान पद्धतीत तंतोतंत मावतो. शंभरावा भाग, म्हणजे पैसा, कधीच मावत नाही. आधुनिक म्हणजे अधिक अचूक, हा भ्रम इथे संपतो.

९/ प्रतिपक्ष म्हणेल: ही जुन्या यंत्रांची रडगाणी, आज सर्वत्र एकच प्रमाणक आहे, साध्या तक्त्यात आकडे लिहिले की झाले. पण जुन्या फायली जुन्याच रीतीने लिहिलेल्या आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील १९६० च्या टिफ्रॅकचा शब्द ४० बिटांचा. त्याच संस्थेत १९६४ मध्ये आलेल्या सीडीसी ३६०० चा ४८ बिटांचा. नव्या प्रमाणकाने त्या फायली आपोआप उलगडत नाहीत.

१०/ आणि साधा तक्ताही तारत नाही. जुन्या उताऱ्यावरचे ‘२.१५’ म्हणजे २ एकर १५ गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून ते २.३७५ एकर. तक्त्याने ते दशांश मानले तर ९ गुंठे हवेत विरतात. २०२० च्या नव्या सातबाऱ्यात शेतीचे क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटर या एककांत ठळकपणे नोंदवण्याचे ठरले, ते उगीच नव्हे. गुंठा म्हणजेच आर, असे मानणाऱ्याचा एकरामागे सुमारे ४७ चौरस मीटरचा घोटाळा होतो.

११/ म्हणून जुनी दप्तरे संगणकावर उतरवणाऱ्या प्रत्येकाकडून चार गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. मूळ फाईल जशीच्या तशी जपावी. बाइटांचा क्रम, संख्येची लांबी, ऋण संख्येची रीत आणि एकक तिच्यासोबत लेखी ठेवावे. ज्ञात उत्तर असलेल्या नोंदीवर रूपांतर आधी तपासावे. नवा आकडा उलट फिरवून मूळ आकडा परत मिळतो का, ते पाहावे.

१२/ रूपांतर हा अर्थ लावण्याचा व्यवहार आहे, आणि अर्थ लावणाऱ्याने आपली रीत जाहीर केलीच पाहिजे. विंगेट-गोल्डस्मिडांनी ती छापून ठेवली, म्हणून इंदापूरची आणेवारी आजही वाचता येते. किल्ली न ठेवता केलेले डिजिटल दप्तर सावकाराच्या वहीइतकेच अपारदर्शक आहे.