सूर मुलांचे, मुखत्यारी बापाची

सख्ख्या भावांनी एकत्र गाताना जो एकजीव नाद उमटतो, तो परक्या कंठांतून कितीही तालमी करून क्वचितच निघतो. कारण आवाजाची जात, उच्चारांची लकब, इतकेच काय, पण श्वास घेण्याची जागादेखील त्यांना एकाच घराने दिलेली असते. ब्रायन, डेनिस आणि कार्ल हे विल्सन बंधू, त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह आणि ब्रायनचा मित्र अ‍ॅल जार्डिन अशा पाच जणांचा ‘बीच बॉइज’ हा अमेरिकन गायकसंच अशाच घरगुती नादातून जन्मला आणि भाऊबंदकीत विदीर्ण झाला. ११ जून २०२५ रोजी ब्रायन निवर्तला आणि तिघा भावांपैकी कोणीच उरले नाही. तेव्हापासून त्यांची गाणी ऐकताना, आनंदाच्या जोडीने, त्या घराच्या कारभाराचा विचार माझ्या मनातून जात नाही.

लॉस एंजेलिसजवळच्या हॉथॉर्न गावातले ते घर बेताच्या ऐपतीचे. वडील मरी विल्सन यंत्रसामग्रीचा धंदा करीत; तरुणपणी कारखान्यातील अपघातात त्यांचा एक डोळा गेलेला, गीतकार म्हणून नाव काढण्याची उमेद मात्र शाबूत. मोटार ठेवायच्या जागेची त्यांनी संगीताची खोली केली होती. सोळाव्या वाढदिवशी ब्रायनला ध्वनिमुद्रणयंत्र मिळाले, तेव्हा त्याने ‘फोर फ्रेशमेन’ या चौकडीच्या तबकड्या तुकड्यातुकड्याने ऐकून त्यांतील एकमेकांत गुंतलेल्या स्वरपंक्ती सुट्या केल्या, एकेक पंक्ती धाकट्या कार्लला आणि आई ऑड्रीला पढवली, त्यांचे गाणे फितीवर घेतले आणि ती फीत लावून त्यावर पुन्हा आपला आवाज मिसळला. हे सारे करणारा मुलगा उजव्या कानाने जवळजवळ बहिरा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या साधनेपुढे मस्तक लवते.

१९६१ साली, समुद्राच्या लाटांवर फळीवरून स्वार होण्याच्या छंदावर त्यांनी पहिले गाणे केले. तो छंद खरोखर होता तो एकट्या डेनिसला, आणि विषयही त्यानेच सुचवलेला. मंडळींनी आपल्या संचासाठी निराळेच नाव योजले होते. परंतु छापून आलेल्या तबकडीवर ‘बीच बॉइज’ हे नाव परस्पर घातलेले आढळले, आणि तेच कायमचे झाले. पुढल्या वर्षी कॅपिटल कंपनीशी करारनामा झाला, त्यात मरींच्या खटपटीचा वाटा मोठा होता. कंपन्यांच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणारा तो बाप नसता, तर ही मुले गावच्या शाळेतल्या समारंभापलीकडे गेली असती की नाही, याची मला शंका वाटते.

परंतु बाप आणि कारभारी हे दोन अधिकार एकाच माणसाच्या ठायी आले, म्हणजे मुलाला घरातही रजा मिळत नाही आणि कचेरीतही माया मिळत नाही. मरींच्या हातचा मार मुलांनी पुढे स्वतःच जगाला सांगितला. त्यात कामाचा रेटा असा, की १९६३ या एका वर्षात संचाच्या तीन दीर्घ तबकड्या निघाल्या. १९६४ च्या डिसेंबरात ह्यूस्टनकडे निघालेल्या विमानात ब्रायनचा धीर पार सुटला आणि त्याने दौऱ्यांना रामराम ठोकला. त्याच वर्षी मुलांनी वडिलांना व्यवस्थापकपदावरून दूर केले होते. तरीही १९६५ च्या आरंभी ‘हेल्प मी, रोंडा’च्या ध्वनिमुद्रणास ते मद्याच्या अमलाखाली हजर झाले, आणि चालू राहिलेल्या फितीत तो प्रसंग जसाच्या तसा साठवला गेला. ते गाणे मध्येच थांबवतात, जीव ओतून गा म्हणतात, कीर्ती डोक्यात गेल्याचा ठपका ठेवतात, आपण केलेल्या त्यागाचा पाढा वाचतात. आणि बावीस वर्षांचा ब्रायन, माझा एकच कान धड उरला आहे, तुमच्या ओरडण्याने तोही जाईल, अशा आशयाची काकुळती करतो. ती फीत ऐकताना मला मुलाइतकीच बापाचीही दया आली. पोरांच्या यशात आपली जागा कोठे आहे, हे त्या मनुष्याला उमगतच नव्हते.

१९६६ सालचा ‘पेट साउंड्स’ हा अल्बम म्हणजे ब्रायनच्या प्रतिभेचा कळस. बाकीचे जपानच्या दौऱ्यावर असता त्याने कसलेल्या वादकांकडून पुष्कळशी साथसंगत आधीच बांधून घेतली होती. ते परतले ते आपापला कंठ त्यात घालावयास. आणि ‘गॉड ओन्ली नोज’ हे अपूर्व गीत त्याने स्वतः न गाता कार्लच्या स्वाधीन केले. भावाच्या गळ्याची इतकी नेमकी पारख भावालाच असावी.

गाण्यांचे प्रकाशनहक्क ‘सी ऑफ ट्यून्स’ या संस्थेकडे होते आणि तिची मुखत्यारी मरींकडेच राहिली होती. १९६९ साली, या गाण्यांचे दिवस सरले अशा समजुतीने, त्यांनी ते हक्क सुमारे ७ लाख डॉलरना फरोक्त केले. मुलांना न विचारता वडिलोपार्जित जमिनीचे खरेदीखत करून देणारा बाप आपल्याकडेही सापडेल. येथे तर ते शेत मुलानेच पिकवलेले होते. मरींचे हे कृत्य मला अक्षम्य वाटते. १९७३ त ते वारले. १९८९ त ब्रायनने त्या विक्रीविरुद्ध दावा लावला आणि १९९२ त १ कोटी डॉलरवर तडजोड झाली. तोच माइकने ब्रायनवर फिर्याद गुदरली, की कित्येक गीतांचे शब्द आपले असूनही दस्तांत आपले नाव घातले गेले नाही. १९९४ त ज्यूरीने ३५ गाण्यांवर त्याचा हक्क मान्य केला. माइकविषयी ब्रायनच्या चाहत्यांना कितीही राग असो, जे त्याने लिहिले ते त्याच्या नावे लागले, हे मला रास्त वाटते.

मधल्या काळात, १९८३ त, डेनिस बुडून मरण पावला. १९९८ त कार्लला कर्करोगाने नेले, आणि भांडणाऱ्यांना एका ठिकाणी बसवणारा माणूसच गेला. मग वाद आला तो नावावर. संचाच्या सामाईक संस्थेने ते वापरण्याचा परवाना माइकला दिला. अ‍ॅलने ते लावून कार्यक्रम केले, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि २००३ त निकाल अ‍ॅलच्या विरुद्ध लागला. २०१२ साली, पन्नास वर्षांच्या निमित्ताने, ब्रायन, माइक आणि अ‍ॅल पुन्हा एकत्र आले, त्यांनी नवा अल्बम काढला, दौराही केला. तो आटोपताच माइक परवान्यानिशी आपला वेगळा संच घेऊन पुन्हा कार्यक्रमांस निघाला, आणि त्या संचात ब्रायनला वा अ‍ॅलला जागा नव्हती.